वाघीण, गाठ आणि बिल्टी : जुन्या मालगाडीने व्यापाराला शिकवलेले धडे

माल तयार करणे ही एक विद्या आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या दारी धड पोचवणे ही दुसरी. आपल्या समाजात पहिल्या विद्येचे उस्ताद पुष्कळ आहेत. मागावर बसणारा, सूत ओळखणारा, कपड्याला नुसता हात लावून त्याचा पोत सांगणारा माणूस भिवंडी-मालेगावात गल्लोगल्ली सापडेल. परंतु दुसऱ्या विद्येकडे आपले लक्ष कमी. गाडी भरली, चालकाच्या हाती कागद दिला, "खुदा हाफिज" म्हटले की आपले काम संपले असे आपण समजतो. नुकसान होते ते बहुधा इथेच.

ही दुसरी विद्या कशी घडली हे समजून घ्यायचे असेल तर रेल्वेच्या जुन्या मालडब्याकडे पाहावे. आज या पानावर आम्ही त्याचाच थोडा अभ्यास मांडणार आहोत. विषय जुना आहे, पण त्यातून निघणारा हिशोब आजच्या टेम्पोला आणि कंटेनरलाही लागू आहे.

मराठीत मालडब्याला वाघीण म्हणतात. आमचे शिक्षण उर्दूतून झाले, मराठी आम्ही बाजारात शिकलो. लहानपणी वडिलांच्या पेढीवर मुकादम येऊन "चाचा, वाघीण लागली" असे सांगायचा तेव्हा आम्हाला खरोखर भीती वाटे. पुढे कळले की इंग्रजांच्या वॅगनची मराठी माणसाने वाघीण केली आहे. नाव मात्र शोभून दिसते. नीट वागवली तर ती तुमचे ओझे उचलते, दुर्लक्ष केले तर नफा खाऊन टाकते.

बैलाच्या पाठीवरून रुळावर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली हे सर्वांना ठाऊक आहे. ती प्रवाशांची गाडी होती. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., काढण्यामागे जे व्यापारी होते त्यांचा डोळा कापसावर होता. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा अमेरिकेच्या कापसावर चालत. एकाच देशावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदराला सहज आला पाहिजे, असा आग्रह तिकडचे गिरणीवाले कित्येक वर्षे धरून बसले होते.

त्याआधी हा कापूस बैलगाडीने आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई. वाटेत महिने जात. पाऊस लागला की माल भिजे, धूळ बसे, काही वाटेतच नाहीसा होई. नागपूरकडचा काही कापूस तर उलट दिशेने मिर्झापूरला गंगेवर जाई. कापूस पिकवणाऱ्याला भाव किती मिळेल हे पिकावर कमी आणि वाटेवर जास्त अवलंबून होते.

रेल्वेला मुख्य अडथळा सह्याद्रीचा. बोरघाट १८६३ साली खुला झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या बाजूचा थळघाट १८६५ साली. दोन्ही घाटांत सर्वांत कडक चढ ३७ फुटांना १ फूट असा. मालगाडीच्या दृष्टीने हा भयंकरच. भरलेल्या वाघिणी घाट उतरताना हाताने दाबायच्या ब्रेकवर गाडी सांभाळावी लागे. पुढे विजेची गाडी आली. १९२८ पासून या घाटांत मालगाड्या ओढण्यासाठी विजेची जी लांब नाकाची इंजिने आली त्यांना आपल्या लोकांनी "खेकडा" असे नाव दिले होते.

इथे व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट घडली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मुंबईत बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या यांचे शेअर आभाळाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे असामीही कोसळले. रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली ती १८६७ साली. म्हणजे ज्या तेजीसाठी सगळे रुळाची वाट पाहत होते ती तेजी रूळ येण्याआधीच संपली होती. तेजीचा पैसा सट्ट्यात गेला. रूळ मात्र राहिले आणि पुढची शंभर वर्षे त्यांवर धंदा झाला. तेजी पाहुणी असते आणि वाहतुकीची सोय ही घराची भिंत असते, हा पहिला धडा.

हलका माल महाग का पडतो?

सुरुवातीच्या वाघिणी चार चाकांच्या, लहान. लोखंडी सामान आणि सुटे भाग विलायतेहून जहाजाने येत आणि जोडणी इथे होई. जी.आय.पी.चा परळचा कारखाना १८७९ चा आणि डब्यांसाठीचा माटुंग्याचा कारखाना १९१५ चा. मालाप्रमाणे वाघिणीची जात ठरे. कोळसा, खडी, लाकूड यांना उघडी वाघीण. धान्य, साखर, सूत, कापड यांना बंद वाघीण. रुळांना आणि लांब लोखंडाला सपाट वाघीण. घासलेटला टाकी. आणि सर्वांच्या शेवटी गार्डचा ब्रेकडबा.

प्रत्येक वाघिणीच्या अंगावर दोन आकडे रंगवलेले असत आणि आजही असतात. एक तिचे स्वतःचे वजन, दुसरा ती किती उचलू शकते ते वजन. व्यापारी फक्त दुसरा आकडा पाहतो. पण इंजिन दोन्ही वजने ओढते आणि भाडे ठरवणाऱ्याला दोन्हींचा हिशोब करावा लागतो.

कापूस हा या हिशोबातला अवघड गिऱ्हाईक. तो जागा फार अडवतो आणि वजन कमी देतो. समजुतीसाठी सोपे आकडे धरू. समजा एका वाघिणीत ५० घनमीटर जागा आहे आणि ती २० टन उचलते. तिच्या एका फेरीला १०० रुपये खर्च येतो.

सैल रुई घनमीटरला ८० किलो बसते असे धरले तर वाघीण ४ टनांतच गच्च भरेल. खर्च टनाला २५ रुपये.

अर्धवट दाबलेली गाठ घनमीटरला २०० किलो धरली तर १० टन बसतील. खर्च टनाला १० रुपये.

पूर्ण दाबाची गाठ घनमीटरला ४०० किलो धरली तर पूर्ण २० टन बसतील. खर्च टनाला फक्त ५ रुपये.

वाघीण तीच, रूळ तेच, अंतर तेच, पण भाड्याचा बोजा एकपंचमांश झाला. फरक केला तो दाबाने. म्हणूनच रेल्वे आल्यावर वाफेचे प्रेस मुंबईतून उठून थेट कापसाच्या मुलखात गेले. आधी गावाकडे गाठ अर्धवट बांधत आणि जहाजावर चढवण्यापूर्वी कुलाब्याला पूर्ण दाबत. रेल्वेभाड्याचा हिशोब कळल्यावर खामगाव, अमरावती, हिंगणघाट अशा ठिकाणी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. मुंबईच्या बाजारात पूर्ण दाबाची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे ७८४ पौंडांच्या खंडीची निम्मी. आजही आपल्या देशात रुईची गाठ १७० किलोची धरतात, ती या जुन्या मापाच्या जवळचीच आहे.

खामगावची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कापसाचा एवढा मोठा बाजार, पण मुख्य रेल्वेमार्ग त्याला वगळून गेला. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे ८ मैलांचा फाटा खास टाकावा लागला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ८ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! मालाची ताकद काय असते ते यावरून समजावे.

आमचे जे बंधू तयार कपडे, टॉवेल, चादरी, होजियरी बाहेर पाठवतात त्यांनी हा हिशोब आपल्या मालावर करून पाहावा. ट्रकवाला आणि पार्सलवाला आज वजन आणि आकारमान दोन्ही मापतो आणि जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतो. ढिल्या बांधणीचे गठ्ठे पाठवणारा व्यापारी भाड्यात हवा पाठवत असतो.

गाठीवरचा शिक्का आणि डब्याचा नंबर

माल दूर जाऊ लागला की एक नवी आफत येते. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. गाठ बंद असते. आत काय आहे हे मुंबईतल्या, लिव्हरपूलमधल्या माणसाला ती फोडेपर्यंत कळत नाही. याचा फायदा घेणारे निघालेच. कापसात पाणी मारणे, माती-सरकी मिसळणे, वर चांगली रुई लावून आत हलकी भरणे असे प्रकार इतके वाढले की १८६३ साली मुंबई इलाख्यात कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ओल्या कापसाने वजन वाढते, पण गाठ आतून तापते, कुजते आणि डाग पकडते. बेइमानीचा माल वाटेतच आपली साक्ष देऊ लागतो.

पुढे रेल्वेने या लबाडीला आणखी एक वाट करून दिली. सुरत-नवसारी भागातील रुईला चांगला भाव मिळे. तेव्हा दुसऱ्या मुलखातील हलका कापूस वाघिणीत घालून तिकडे नेत, तिथल्या जिनात पिंजून-दाबून तिथल्याच नावाने विकत. नाव सुरतेचे, माल परका. हा प्रकार थांबवण्यासाठी १९२३ साली कापूस वाहतुकीचा कायदा आला. ज्या भागाला संरक्षण दिले गेले त्या भागात बाहेरचा कापूस परवान्याशिवाय रेल्वेने नेता येऊ नये आणि स्टेशनवर तो स्वीकारूच नये, अशी व्यवस्था झाली. लबाडी बाजारात पकडण्याऐवजी मालधक्क्यावर अडवायची, अशी ही युक्ती.

त्यानंतर १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक असणे बंधनकारक केले. आता गाठ कुठेही फुटो, ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे सांगता येऊ लागले. वाघिणीचा नंबर, गाठीचा नंबर आणि बिल्टीचा नंबर हे तीन नंबर जुळले की मालाला जणू वंशावळ मिळते.

माप कमी देणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. तो हुकूम तराजूपुरताच आहे असे समजू नये. पंचवीस मीटरच्या थानात साडेचोवीस मीटर भरणे, साठ काउंटचे सूत सांगून हलके घालणे हेही त्यातच येते. शिक्का असो वा नसो, आपल्या मालावर आपले नाव लिहिलेले आहे असे समजूनच तो बांधावा.

रुळांची माप बदलते तेव्हा

जुन्या मालवाहतुकीचा सर्वांत मोठा त्रास होता रुळांच्या वेगवेगळ्या मापांचा. जी.आय.पी.चे रूळ साडेपाच फूट रुंद. निजामाच्या मुलखातून मनमाडला येणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे मीटरमापाची. परभणी, जालना, नांदेडकडचा माल मनमाडला आला की एका वाघिणीतून उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा. हमालांच्या आकड्यांनी बारदान फाटे, पट्ट्या तुटत, गाठी पावसात पडून राहत. हमाली वेगळी, उशीर वेगळा, तूट वेगळी. १९९२ साली एकमापी रुळांची योजना हाती घेतल्यावर हा त्रास टप्प्याटप्प्याने मिटत गेला. पण जवळजवळ शंभर वर्षे मराठवाड्याच्या मालाने ही पट्टी भरली.

मालेगावचेही दुःख काही प्रमाणात असेच. १८५७ नंतर उत्तरेकडून, मऊ-आजमगढ-बनारस भागातून, आपले मोमीन विणकर आग्रा रस्त्याने इकडे आले आणि मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर इथे वसले. मालेगावला रेल्वे नव्हती. सूत मनमाडला उतरायचे आणि तिथून गाडीरस्त्याने गावात यायचे. कापड तसेच उलट जायचे. या शेवटच्या काही मैलांनी विणकराच्या मजुरीतून किती घेतले असेल त्याचा कुणी हिशोब ठेवला नाही.

लहान मापाचे रूळ म्हणजे तोट्याचेच, असे मात्र समजू नये. बार्शी लाइट रेल्वेने हे दाखवून दिले. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर पूर्वी जी.आय.पी.त नोकरीला होता. कुर्डुवाडीहून बार्शीचा बाजार जवळ, पण मुख्य मार्गापासून तुटलेला. कॅल्थ्रॉपने अडीच फुटी रुळांची आखणी केली. त्याची कल्पना साधी होती. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त बोजा पडता कामा नये. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, भांडवल कमी लागते. वाघिणी त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या, २५ फूट लांबीच्या, दोन-दोन आसांच्या दोन बोग्यांवर बसवलेल्या केल्या. चार आस, प्रत्येकी ५ टन, म्हणजे माल आणि डबा मिळून २० टन. डब्याचे स्वतःचे वजन जितके कमी तितका माल जास्त. लीड्सच्या कारखान्यात त्या बनवून घेऊन त्याने आधी इंग्लंडमध्येच तात्पुरते रूळ टाकून त्यांची जाहीर चाचणी घेतली आणि मग १८९७ साली बार्शीची गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत वाढली. लातूर-बार्शीचे धान्य, गळिताचा माल, कापूस या छोट्या वाघिणींनी वाहिला. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली.

ज्याच्याजवळ मोठे भांडवल नाही त्याने मोठ्याची नक्कल करू नये. बोजा सर्व आसांवर सारखा वाटावा आणि यंत्राचे रिकामे वजन कमी ठेवावे. चार माग असलेल्या माणसाने चाळीस मागवाल्यासारखे कार्यालय थाटू नये, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

भाड्याचे राजकारण

वाघिणी दोन्ही दिशांना धावत, पण न्याय दोन्ही दिशांना सारखा नव्हता. कच्चा कापूस बंदराकडे स्वस्तात येई आणि विलायती कापड बंदरातून आत स्वस्तात जाई. एका आतल्या गावातून दुसऱ्या आतल्या गावात देशी माल पाठवायचा तर दर चढे. नागपूरला १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस दारात आणि गिऱ्हाईक आसपास, असा सरळ हिशोब. अशा आतल्या गिरण्यांना ही भाड्याची रचना जाचक होती. १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाने या प्रश्नाला हात घातला. त्यानंतर १९२१ साली नेमलेल्या फिस्कल कमिशननेही बंदराच्या आणि अंतर्गत वाहतुकीच्या दरांत शक्य तितकी समानता असावी हेच तत्त्व उचलून धरले. या कमिशनचे अध्यक्ष मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला होते हे आपल्या तरुणांना मुद्दाम सांगावेसे वाटते. आपल्या समाजातील एका व्यापारी घराण्याचा माणूस देशाच्या जकातीचा आणि उद्योगाचा प्रश्न सोडवायला बसला होता. भाड्याचा दर हा बाबूंचा विषय नाही, तो रोजीचा विषय आहे, हे त्यांच्या पिढीला पक्के माहीत होते.

बिल्टी : एक कागद, एक अमानत

आता कागदाकडे येऊ. मालधक्क्यावर माल दिला की रेल्वेची पावती मिळते, तिलाच आपण बिल्टी म्हणतो. ही बिल्टी ज्याच्या हाती त्याला माल मिळतो. ती बँकेत ठेवून पैसे उचलता येतात, ती दुसऱ्याच्या नावे करता येते. वाघीण अजून वाटेत असताना कागदावर माल विकला जातो. वाघिणीने व्यापाराला दिलेली ही मोठी देणगी आहे.

पण कागदावर काय लिहिले आहे हे वाचायला हवे. माल रेल्वेच्या जोखमीवर की मालकाच्या जोखमीवर? मालकाच्या जोखमीवर भाडे कमी पडते म्हणून पुष्कळ लोक तेच घेत आणि नुकसान झाल्यावर कपाळाला हात लावत. १ जानेवारी १९६२ पासून कायद्याने रेल्वेची जबाबदारी वाढवली, तरी मालकाच्या जोखमीचा कमी दर घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावीच लागते. दुसरे, वजन आणि नग रेल्वेने मोजून घेतले की व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिले? "सांगितल्याप्रमाणे" असा शेरा असेल तर तूट सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते.

आमच्या वडिलांचा एक अनुभव इथे सांगतो. आम्ही तेव्हा शाळा सुटली की पेढीवर बसत असू. दक्षिणेकडून सुताच्या पिशव्या येणार होत्या. बिल्टी टपालात अडकली आणि माल तिच्याआधी पोचला. चार दिवस माल एका मालधक्क्यावर पडून राहिला आणि त्यात पाऊस झाला. पिशव्या सोडवायला गेलो तेव्हा खालच्या थरातल्या ओल्या दिसत होत्या. सण जवळ, मागवाले सुतासाठी खोळंबलेले. घाईत वडिलांनी "माल बरोबर मिळाला" अशा कागदावर सही केली आणि पिशव्या उचलल्या. घरी उघडल्यावर अकरा पिशव्यांना बुरशी. दावा केला तेव्हा उत्तर आले की तुम्ही कोणताही शेरा न लिहिता माल घेतला आहे. वर मालधक्क्यावर माल पडून राहिल्याचा आकारही भरला होताच. वडील रेल्वेवर रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, सही मेरी थी." ते नुकसान फेडायला आमच्या घराला दोन हंगाम लागले. आमच्या मोठ्या भावाचे पुढचे शिक्षण त्या वर्षी राहिले ते राहिलेच.

त्या दिवशी काय करायला हवे होते ते आम्हाला नंतर कळले. माल उघडून, मोजून, नुकसानीची नोंद करून ताबा मागायचा. तसा हक्क व्यापाऱ्याला असतो. नोंद मिळाल्याशिवाय कोरी सही द्यायची नाही. आणि नुकसानभरपाईची लेखी नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यायची. ही मुदत १९८९ च्या रेल्वे कायद्यातही आहे. मुदत गेली की खरा दावाही खोट्यासारखाच पडतो.

दोन प्रकारच्या दंडांतला फरकही समजून घ्यावा, कारण पुष्कळांचा घोटाळा होतो. वाघीण ठरलेल्या वेळात भरली किंवा रिकामी केली नाही तर जो आकार लागतो तो डॅमरेज, म्हणजे डबा अडवल्याचा दंड. माल उतरवला पण मालधक्क्यावरून वेळेत उचलला नाही तर लागतो तो व्हार्फेज, म्हणजे जागा अडवल्याचा दंड. एक डब्याचा, दुसरा जमिनीचा. बंदरावर आणि कंटेनर डेपोत आज हेच दोन दंड इतर नावांनी उभे आहेत.

लहान व्यापारी रुळावरून कसा उतरला

पूर्वी एक गाठ, दोन पिशव्या, पाच गठ्ठे असा फुटकर मालही रेल्वे घेई. अनेकांचा माल एका वाघिणीत जाई. १९०३ साली स्थापन झालेल्या रेल्वे परिषदेने ठरवलेल्या नियमांमुळे एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाऊ शके आणि तिचे भाडे आपापसात चुकते होई. पण या सोयीची किंमत होती. वाघीण वाटेत यार्डा-यार्डांत सुटी व्हायची, दुसऱ्या गाडीला जोडली जायची, पुन्हा थांबायची. ती धावण्यापेक्षा उभीच जास्त राही.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या, आठ चाकांच्या वाघिणी आल्या, मधल्या एकाच मजबूत जोडणीच्या, आणि १९८० च्या दशकात हवेच्या ब्रेकच्या. रेल्वेने ठरवले की पूर्ण गाडी एकाच मालाची, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट न्यायची. कोळसा, लोखंड, सिमेंट, खत, धान्य यांना हे सोयीचे होते. रेल्वेचा फायदा झाला, देशाचाही झाला, हे मान्य केले पाहिजे. पण फुटकर माल हळूहळू बंद झाला. ज्याच्याजवळ गाडीभर माल नाही त्याला रूळ बंद झाले. आपला विणकर आणि छोटा कापडवाला ट्रकवर गेला आणि तिथल्या भाड्याला, दलालीला आणि डिझेलच्या भावाला बांधला गेला.

याला रेल्वे एकटी जबाबदार आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाघीण मोठी होत गेली आणि आपण मात्र एकेकटे, लहान राहिलो. २०२० साली देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा लहान शेतकऱ्यांचे थोडे-थोडे डाळिंब-भाजीपाल्याचे नग एकत्र करून गाडी भरली होती. एकत्र येणाऱ्याला रूळ आजही नाकारत नाहीत. १९८८ साली स्थापन झालेल्या कंटेनर कॉर्पोरेशनमुळे तर गाडीभर माल नसला तरी एका कंटेनरभर मालाने काम भागू शकते.

आज काय करता येईल

या अभ्यासातून आमच्या बंधूंसाठी काही सरळ गोष्टी निघतात.

१. एकाच पेठेला माल पाठवणारे आठ-दहा जण एकत्र या. महिन्यातून एक कंटेनर सर्वांच्या नावे ठरवा. भाडे नगावर नव्हे, वजन आणि जागा दोन्ही पाहून वाटून घ्या आणि हा करार लेखी करा. भागीदारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आपल्या दीनचाही हुकूम आहे.

२. बांधणीवर खर्च करा. दाबून बांधलेला गठ्ठा भाडे वाचवतो, ओल रोखतो, चोरी अवघड करतो.

३. प्रत्येक नगावर आपली खूण आणि क्रमांक घाला आणि तोच क्रमांक बिलावर व वाहतुकीच्या कागदावर लिहा.

४. गाडी परत येताना रिकामी येते का ते विचारा. परतीचा माल मिळाला तर दोन्ही बाजूंचे भाडे उतरते.

५. माल पाहिल्याशिवाय, मोजल्याशिवाय पोच देऊ नका. नुकसान दिसले तर सहीच्या वर शेरा लिहा.

६. दुकानातल्या एका तरुणाला फक्त कागदपत्रांसाठी तयार करा. जोखीम, मुदत, दंड, विमा हे शब्द त्याला तोंडपाठ हवेत. त्याचा पगार महाग वाटला तर आमच्या त्या अकरा पिशव्या आठवा.

शेवटी हमाल बांधवांविषयी दोन शब्द. या सर्व इतिहासात गाठ वाघिणीत चढली ती कुणाच्या तरी पाठीवरून. मालधक्क्यावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांची नावे कुठल्याच बिल्टीवर नाहीत. त्यांची मजुरी घाम वाळायच्या आत देणारा व्यापारी आम्ही पाहिला आहे आणि त्याच्या मालाला वाटेत क्वचितच इजा होताना पाहिली आहे. यात चमत्कार काही नाही. ज्याच्या हाताला आपण इज्जत देतो तो हात आपला माल जपून ठेवतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो आणि आपला माल सुखरूप पोचवो. आमीन.